फट दर वर्षी तिथेच उघडते? पुट्टीचा डबा मिटा, आधी कागदाची पट्टी चिकटवा

आमच्या माजघराच्या पार्टिशनवर मधोमध एक उभी रेघ होती. पट्टी लावून मारावी इतकी सरळ, माथ्यापासून तळापर्यंत. फेब्रुवारीत तिच्यात नखाची कड शिरायची. मार्चमध्ये मी पुट्टी भरली, घासली, रंगाचा हात दिला. जुलैत त्याच रेघेवर पुट्टी फुगून वर आली, बोट फिरवलं की पांढरा चुरा हातात. ऑक्टोबरात तो उंचवटा घासून काढला, पुन्हा भरली. फेब्रुवारीत पुन्हा नख आत.

तिसऱ्यांदा डबा उघडला तेव्हा आई म्हणाली, "अरे, तीच भाजी किती वेळा तापवणार आहेस?"

थोडी पार्श्वभूमी. घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, वर कौलं, माजघरावर लाकडी माळा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात परड्यातला फणस मुळासकट आडवा झाला. ऑक्टोबरात तो कापून तीन बाय दोन इंचाच्या रिपा काढल्या. (कायद्याचं आधी बघा. साग, ऐन, किंजळ, फणस ही झाडं आपल्याच जागेत असली तरी तोडायला परवानगी लागते, १९६४ पासूनचा कायदा आहे. वाऱ्याने पडलेल्या झाडाचंही वनखात्यात विचारून मगच ते गाडीत घाला.) पुढच्या जुलैत, बाहेर पाऊस कोसळत असताना आणि ऑफिसची मीटिंग चालू असताना मागे मिक्सर फिरायचा त्या दिवसांत, मी अकरा फूट रुंदीचं माजघर दुभागून त्यातून एक खोली काढली. खाली एक आडवी रीप, वर एक आडवी रीप, मधे दोन-दोन फुटांवर उभ्या रिपा, दोन्ही अंगांना साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड, एका बाजूला दार. त्याआधी मी फार तर बिजागरीचा स्क्रू आवळला होता.

भिंत उभी राहिली. ओळंब्यातही होती. दुखणी सुरू झाली ती नंतर, आणि ती सगळी मला एकच दुखणं वाटत होती, हीच पहिली चूक.

कागदाची पट्टी

फट बघून ती कशामुळे पडली हे कळत नाही. कधी वाढते आणि कधी मिटते हे कळलं तर बरंच कळतं. त्यासाठी यंत्र लागत नाही. पतंगाच्या कागदाच्या दोन बोटं लांब, अर्धं बोट रुंद पट्ट्या कापल्या. फटीच्या एका बाजूला एक टोक, दुसऱ्या बाजूला दुसरं, दोन्ही टोकांना खळ, मधे काही नाही. पट्टी ताठ बसली पाहिजे. शेजारी पेन्सिलीने तारीख. पट्टी फाटली तर फट वाढली, सुरकुतली तर मिटली.

एक पट्टी अखंड बोर्डावर, जिथे फट नाही तिथेही मारा. कागद स्वतःही दमट हवेत सैल पडतो. ही पट्टी जेवढी सैल पडेल तेवढं बाकीच्यांतून वजा करायचं. मला हे पंधरा दिवसांनी सुचलं, तोवर मी सगळीच भिंत आकसतेय म्हणून घाबरून बसलो होतो.

मार्च २०२३ मध्ये मी अशा सात पट्ट्या मारल्या. दोन मधल्या उभ्या फटीवर, दोन माथ्याला बोर्ड आणि तुळई यांच्या मधे, एक चिऱ्याच्या भिंतीलगतच्या कोपऱ्यात, एक दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरक्या गेलेल्या चिरेवर आणि ती एक साधी. आईने विचारलं, "भिंतीला ताप आलाय का?"

वर्षभरात पट्ट्यांनी जे सांगितलं ते असं. मधल्या फटीवरच्या पट्ट्या जूनअखेर सुरकुतायला लागल्या. ऑक्टोबरात त्या काढून नव्या मारल्या, त्या जानेवारीत फाटल्या. म्हणजे पावसात मिटते, उन्हात उघडते. चिऱ्याच्या कोपऱ्यातलीही तशीच, पण जास्त जोरात. आणि माथ्याच्या दोन्ही पट्ट्या २८ मे रोजी सुरकुतल्या. कडक ऊन होतं, पावसाचा पत्ता नव्हता. माथ्याला दुसरंच काहीतरी चाललं होतं.

मधली उभी फट: लाकूड आणि चुकीची पुट्टी

लाकूड लांबीत जवळजवळ आटत-फुगत नाही. रुंदीत आणि जाडीत आटतं-फुगतं. ढोबळ हिशेब असा धरा की लाकडातली ओल एक टक्क्याने कमी झाली की रुंदी हजारात दोन ते अडीच भागांनी कमी होते. आपल्याकडे पावसात हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास जाते, तेव्हा घरातलं लाकूडही १८ ते २० टक्क्यांपर्यंत ओल धरतं. कोरड्या महिन्यांत ते १२-१३ वर येतं. हे दर वर्षी होणारच, त्याला इलाज नाही.

आता सांध्यावर या. दोन बोर्डांच्या कडा एकाच उभ्या रिपेवर भेटतात. या कडेचा स्क्रू आणि त्या कडेचा स्क्रू यांत जेमतेम इंचभर अंतर. रीप सात टक्के ओल सोडते तेव्हा ते दोन स्क्रू एकमेकांच्या मानाने थोडे सरकतात, मिलिमीटरच्या पावभागापेक्षा जरा जास्त ते जवळपास निम्म्यापर्यंत. ऐकायला काहीच नाही. पण मधे भरलेली वस्तू काचेसारखी कडक असेल तर तिला तेवढं पुरतं.

आणि मी भरली होती ती बाहेरच्या भिंतीला लावतात ती पांढऱ्या सिमेंटची पुट्टी. हार्डवेअरच्या दुकानात "पुट्टी द्या" म्हटलं की तीच मिळते. ती चिऱ्यावर, सिमेंटवर चांगली. बोर्डाच्या सांध्यावर कुचकामी. तिथे जिप्समचं जॉइंटिंग कम्पाउंड आणि कागदी टेप लागते. ताण सोसते ती टेप, कम्पाउंड फक्त तिला धरून ठेवतं. मी टेप लावलीच नव्हती, कारण रोल साठ रुपयांना जास्त वाटला होता.

भरायचा महिनाही महत्त्वाचा. फट सगळ्यात रुंद असते तेव्हा भरली की पावसात माल चेपून वर येतो. अरुंद असते तेव्हा भरली की उन्हाळ्यात फाटते. मी दोन्ही प्रयोग केले होते, एकामागून एक. नोव्हेंबर-डिसेंबर बरा: पाऊस संपून महिना झालेला, लाकूड अर्ध्या वाटेवर.

पण हे झालं दर वर्षाचं. पहिल्या वर्षीची फट मात्र खूपच रुंद होती, स्क्रूची डोकी रंगातून दाण्यांसारखी वर आली होती, आणि भिंतीचं डोकं तुळईपासून चक्क सुटलं होतं. ते ओल्या लाकडामुळे. आमच्या वाडीतल्या सुतारकाकांना पडवीतल्या उरलेल्या रिपा दाखवल्या. त्यांनी एक उचलून जमिनीवर उभी आपटली, आवाज ऐकला आणि म्हणाले, "ह्ये लाकूड अजून प्यायलेलं हाय."

काकांचा कान माझ्याकडे नाही, म्हणून मी स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला. थप्पीच्या मधल्या रिपेचं टोक टाकून देऊन पुढचा वीतभर तुकडा कापला (टोक लवकर वाळतं, ते फसवतं). वजन ४१२ ग्रॅम. मग तो आईच्या केकच्या ओव्हनमध्ये शंभर-एकशे पाच अंशांवर ठेवला, दर दोन तासांनी तोलला, वजन उतरायचं थांबेपर्यंत. शेवटी ३३० ग्रॅम. फरक ८२, त्याला ३३० ने भागा: सुमारे २५ टक्के. घरभर गोडसर, ओल्या भुशासारखा वास, आणि त्या ओव्हनमध्ये केक करायला आईने पुढे महिनाभर नकार दिला. ओव्हनजवळून हलू नका, लाकूड आहे ते.

कापून पावणेतीन वर्षं झालेल्या लाकडात ऑगस्टमध्ये २५ टक्के ओल कशी? कारण मी रिपा एकमेकींना चिकटवून, पडवीच्या जमिनीवर, वरून ताडपत्री गच्च आवळून ठेवल्या होत्या. पावसापासून जपतोय असं वाटत होतं. वारा शिरायला जागाच नव्हती. तशाच ओल्या रिपा मी २०२१ मध्ये भिंतीत घातल्या होत्या. २५ वरून १३ वर येताना वरची आणि खालची आडवी रीप मिळून, दोन्हींची जाडी शंभर मिलिमीटर धरली तर, अडीच-तीन मिलिमीटर आटल्या. उभ्या रिपा होत्या तेवढ्याच राहिल्या. म्हणून भिंत बसली आणि माथा सुटला. मग त्या सुटलेल्या माथ्यात मी पाचरी ठोकल्या. ती दुसरी चूक, तिचं पुढे सांगतो.

थप्पी लावायची रीत: जमिनीपासून वीतभर वर, दर थरामध्ये एक इंचाच्या लाकडी पट्ट्या, पट्ट्या एकावर एक सरळ ओळीत, वर छप्पर पण बाजू उघड्या. तसं रचल्यावर त्याच रिपेतला दुसरा तुकडा पुढच्या फेब्रुवारीत १३ टक्क्यांवर आला. नवं लाकूड विकत घेत असाल तर पावसाळ्यात घेऊच नका, आणि घेतलंच तर ज्या खोलीत भिंत उभी करायची त्याच खोलीत महिनाभर तरी पट्ट्या घालून रचून ठेवा.

एक चांगली बातमी. ओल्या लाकडाची ही मोठी आट एकदाच होते. भिंत उभी राहून दोन उन्हाळे गेले असतील तर रिपा आता वाळलेल्याच आहेत, लाकडासाठी भिंत पाडायची गरज नाही. माझ्या चार रिपा पिळल्या होत्या तेवढ्या बदलल्या. त्या चारही खोडाच्या गाभ्यातून निघालेल्या, मधे काळपट ठिपका असलेल्या. असल्या रिपा आधीच बाजूला काढा.

माथा, तुळई आणि अगोट

२८ मे. पाऊस नाही, पट्टी सुरकुतलेली, आणि त्याच आठवड्यात दार अडकायला लागलं. दार पावसात फुगून अडकतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण मेमध्ये?

दोन काठ्या घेतल्या. एक जमिनीवर टेकलेली, दुसरी तुळईला, मधे दोन्ही एकमेकींवर आलेल्या, रबराने बांधलेल्या. जिथे एक संपते तिथे दुसरीवर ब्लेडने खूण. रोज संध्याकाळी बघायचं. काही दिवसांत खूण तीन मिलिमीटर सरकली. तुळई खाली आली होती.

का ते कळायला मला माळ्यावर चढावं लागलं. अगोट! पावसाआधीची बेगमी. चुलीची लाकडं, तांदळाची दोन पोती, पेंढा, कोकमाचे डबे आणि सोलायचे अडीचशे नारळ. नारळच अडीचशे-तीनशे किलो. दर वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात हे सगळं वर जातं आणि दिवाळीपर्यंत हळूहळू खाली येतं. आई झोपली असताना मी निम्मे नारळ ओटीवर उतरवले. खूण दीड मिलिमीटर परत गेली. सकाळी ओटीवर नारळ बघून आई जे बोलली ते इथे लिहीत नाही.

शंभर वर्षांच्या घरात तुळई तीन मिलिमीटर वाकते यात काही गैर नाही, ती कायमच तशी वाकत आली आहे. फक्त खाली कुणी अडवायला नव्हतं. मी तिच्याखाली भिंत उभी केली, पाचरी ठोकून घट्ट केली, म्हणजे माळ्याला नकळत टेकू दिला. माझ्या तीन बाय दोनच्या रिपा धनुष्यासारख्या वाकल्या, दाराची चौकट तिरपी झाली, आणि चौकटीच्या कोपऱ्यातून ती तिरकी चीर निघाली.

उपाय असा की भिंतीचं डोकं धरायचं, पण आवळायचं नाही. मार्च २०२४ मध्ये बोर्ड उतरवून मी सांगाडा दोन भागांत खाली घेतला. उभ्या रिपा तळाकडून कापून सांगाड्याची उंची पंधरा मिलिमीटर कमी केली. तळाकडून अशासाठी की तिथली टोकं तशीही काळी पडली होती. सांगाडा परत उभा केला तेव्हा वरची आडवी रीप आणि तुळई यांच्या मधे बोटभर हवा. आता हे हलू नये म्हणून तुळईच्या खालच्या अंगाला, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी, लाकडी पट्ट्या मारल्या: चाळीस मिलिमीटर खाली लोंबणाऱ्या, वीस मिलिमीटर जाड. पंधरा मिलिमीटर मोकळ्या जागेत गेले, उरलेले पंचवीस भिंतीच्या डोक्याला दोन्हीकडून कवेत घेतात. दोन पट्ट्यांमधली जागा किती? पाऊणशे मिलिमीटरची रीप, दोन बोर्ड मिळून पंचवीस, आणि सरकायला दोन: एकशे दोन. आमची तुळई सहा इंच रुंद आहे म्हणून पट्ट्या तिच्यातच मावल्या.

पट्ट्यांचे स्क्रू फक्त तुळईत. भिंतीत एकही नाही. हे वाक्य मी पट्टीवर आतून पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे, कारण दहा वर्षांनी मीच तिथे एक खिळा ठोकीन. तुळई खाली आली की पट्ट्या भिंतीच्या गालांवरून नुसत्या सरकतात. वरून दिसायला ती बीडिंगच दिसते, मागची मोकळी जागा दिसत नाही. त्या जागेत पुट्टी, फोम, सिलिकॉन काही भरू नका. कुणी काथ्या कोंबायचा सल्ला देईल, मलाही दिला होता. उंदरांना बाळंतपणाची खोली हवी असेल तर जरूर कोंबा.

माळा नसेल, स्लॅब असेल तर एवढं करायची गरज पडत नाही. पण कौलारू घरात तुळईखाली घट्ट पाचर ठोकू नका. आणि पार्टिशनसाठी जागा करताना जुना खांब किंवा जुनी भिंत मधे येत असेल तर तिला हात लावण्याआधी जाणकार माणूस बोलवा, ते नवशिक्याचं काम नाही.

चिऱ्यालगतचा कोपरा

ही फट मी आता भरत नाही. एका बाजूला चिरा, दुसऱ्या बाजूला लाकूड. दोघांची चाल कधीच जुळणार नाही. कोपऱ्यात पाऊण इंची गोला पट्टी लावली, तिचे खिळे भिंतीच्या बाजूला नाहीत, फक्त पार्टिशनच्या बाजूला. फट आतल्या आत उघडते, मिटते, कुणाला दिसत नाही.

पण तिथली कडेची उभी रीप आधी पक्की आहे का ते बघा. हाताने दाबल्यावर भिंत डुलत असेल तर दोष बहुतेक इथेच. चिरा मऊ आणि सच्छिद्र. ड्रिल हॅमरवर ठेवून मारलं की भोक मोठं होतं, कडा भुसभुशीत, आणि गट्टू (स्क्रूसाठी भोकात बसवायचा प्लग) आत नुसता फिरतो. हॅमर बंद करून, हळू, साध्या फिरण्यावर भोक पाडा. लहान गट्टू नकोत, शंभर मिलिमीटरचे लांब नायलॉनचे घ्या, दोन-दोन फुटांवर. चिऱ्याच्या अंगात मारा, दोन चिऱ्यांच्या सांध्यात नको, जुन्या घरात तिथे मातीच असते. आणि रिपेच्या पाठीला टारफेल्टची (डांबरी जाड कागदाची) पट्टी हवी, कारण ऑगस्टमध्ये चिऱ्याची भिंत ओलीच असते.

डुलण्याचं दुसरं कारण म्हणजे उभ्या रिपांमधले आडवे ठोकळे नसणं. चार फुटांवर एक ओळ घाला. पुढे फळी, टीव्ही, आरसा काय लटकवणार आहात ते आजच ठरवून तिथेही ठोकळा टाका आणि त्याचा फोटो काढून ठेवा.

पाय

तळाच्या बोर्डाला कड फुगून, कागद सुटून, काळे ठिपके आले असतील तर ओल खालून आहे की पुसायच्या पाण्याची, हे आधी ठरवा. दीड फूट प्लॅस्टिक जमिनीवर अंथरून चारही कडांना चिकटपट्टी लावा, दोन दिवस तसंच ठेवा. उचलल्यावर खालच्या बाजूला पाणी असेल तर लादीखालची माती ओल वर पाठवते आहे. वरच्या बाजूला असेल तर हवेतली. आमच्याकडे ऑगस्टमध्ये दोन्ही बाजूंना होतं. कोकण आहे.

तळाच्या रिपेखाली आता टारफेल्ट आहे, रिपेपेक्षा दोन्हीकडे थोडं बाहेर. बोर्ड जमिनीपासून बारा मिलिमीटर वर थांबतो. एक जाड प्लायचा तुकडा खाली ठेवून त्यावर बोर्ड टेकवला, स्क्रू मारले, तुकडा ओढून काढला. बोर्डाच्या तळावरून लाकडी पट्टी (स्कर्टिंग), तीही जमिनीला न टेकवता. ओल्या फडक्याने पुसायला हरकत नाही, बादली ओतायला आहे.

ही खालची फट उघडी ठेवण्याचं आणखी एक कारण म्हणजे वाळवी. ती जमिनीतून मातीची नळी करत चढते, आणि भिंतीचा पाय लादीशी सिमेंटने लिंपला असेल तर ती आतल्या आत चढते, पत्ताच लागत नाही. फट असली की महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन पालथं पडून बघता येतं. फणसाचा पिवळा गाभा टिकतो, पण कडेचा फिका भाग वाळवीला आणि भुंग्याला आवडतो, तो शक्य तेवढा तासून टाका. जिथे जिथे रीप कापली त्या टोकांना कीडरोधक द्रावण पाजा. टोकच सगळ्यात जास्त पितं.

दार आणि स्क्रू

माथ्याचा दाब गेल्यावर दार मेमध्ये अडकणं थांबलं. जुलैत थोडं अडकायचं, तो फुगण्याचा भाग. जुलैत रंधा मारू नका, जानेवारीत तिथून बोट जाईल. आरसा घेऊन दाराखाली सरकवा आणि दाराची खालची कड बघा. माझी कोरी होती. वरचीही. पुढून-मागून तीन हात रंग, आणि जिथून लाकूड सगळ्यात जास्त ओल घेतं त्या दोन कडांना काहीच नाही. मेमध्ये दार उतरवून त्या रंगवल्या, एवढ्यावर भागलं.

चौकटीच्या कोपऱ्यातली तिरकी चीर परत येऊ नये म्हणून बोर्डाचा सांधा त्या कोपऱ्यावर आणू नका. अख्ख्या बोर्डात उलट्या एलसारखी खाच कापा, सांधा चौकटीच्या वर मध्यावर येऊ द्या.

रंगातून तपकिरी ठिपके फुटत असतील, रांगेत, वीतवीतभर अंतरावर, तर ते काळे स्क्रू गंजताहेत. समुद्राजवळ ते टिकत नाहीत. जस्ताचा मुलामा असलेले किंवा स्टेनलेसचे घ्या, आणि लाकडावरच्या साडेबारा मिलिमीटरच्या बोर्डाला पस्तीस मिलिमीटरच्या आसपास लांबी पुरे. मी "मजबूत होईल" म्हणून पन्नासचे मारले होते. स्क्रू जितका खोल, तितकं आटणाऱ्या लाकडाच्या मानाने त्याचं डोकं जास्त वर येतं. जुने काढताना मुठीएवढा ढीग झाला, निम्म्यांची डोकी स्क्रूड्रायव्हर लावताच तुटली.

आजची स्थिती

सांगाडा मार्च २०२४ मध्ये झाला, पण टेप आणि कम्पाउंड नोव्हेंबरात लावलं. मधले आठ महिने भिंत उघड्या सांध्यांची होती, पाहुणे विचारायचे, मी "काम चालू आहे" म्हणायचो. टेपवर तीन हात, प्रत्येक हात आधीच्यापेक्षा रुंद, मधे एकेक दिवस वाळू दिलं.

२०२५ चा अख्खा पावसाळा त्यावरून गेला. मधल्या रेघेवरची पट्टी ताठ आहे, साध्या पट्टीएवढीच सैल. अगोट नेहमीसारखी वर गेली, माथ्याच्या लाकडी पट्ट्या तुळईबरोबर तीन मिलिमीटर खाली सरकल्या, बोर्डावर त्यांच्या कडेची पुसट रेघ उमटली आहे. दाराच्या कोपऱ्यात एक केसासारखी चीर आली आहे. ती जुन्या चिरेच्या जागी नाही, चार बोटं डावीकडे. काल तिच्यावर पट्टी मारली, तारीख लिहिली. पुट्टीचा डबा अजून माळ्यावर, नारळांच्या मागे.